जहाज नव्हे, आधी तारीख ठरवा: वॉरगेमसाठी आयर्नक्लॅडचं मॉडेल

वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटी मॉडेल्स मांडून जुन्या लढाया खेळायला, "कोणतं जहाज बनवू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "कोणत्या तारखेचं?" विचारणाऱ्याला वाटतं, म्हातारा उगाच फाटे फोडतोय. पण आयर्नक्लॅड, म्हणजे 1860 च्या आसपासची लोखंडी चिलखत चढवलेली युद्धजहाजं, ही एकदा बांधली आणि तशीच राहिली असं कधी झालंच नाही. सगळं तंत्रच नवं होतं. लढायचं, काय नडलं ते बघायचं, गोदीत जाऊन कापाकापी करायची आणि परत यायचं, असा तो मामला.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातलं एकच उदाहरण घ्या. 8 मार्च 1862 ला दक्षिणेचं 'व्हर्जिनिया' हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत उतरलं तेव्हा त्याच्या नाळेला टक्कर मारायचा लोखंडी रॅम होता. संध्याकाळपर्यंत तो रॅम तुटून त्याने बुडवलेल्या उत्तरेच्या 'कंबरलँड'बरोबर गेला होता, चिमणीची चाळण झाली होती, दोन तोफांची तोंडं उडाली होती आणि बाहेर टांगलेल्या होड्या, झेंड्याच्या काठ्या सफाचट झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी उत्तरेच्या 'मॉनिटर' या आयर्नक्लॅडशी जे लढलं ते हे जखमी जहाज. कोळसा जळून हलकं झाल्यामुळे ते पाण्यातून थोडं वरही आलं होतं. कमांडही बदलली होती, कारण जहाजाचा प्रमुख बुकॅनन जखमी होऊन पडला होता आणि जहाज कॅट्सबी जोन्सच्या हाती होतं. म्हणजे एका दिवसाच्या अंतराने दोन वेगळी मॉडेल्स आणि जहाजाची माहिती लिहिलेली, खेळात वापरायची दोन वेगळी कार्डं. तारीख न ठरवता कामाला लागलात तर पुढे प्रत्येक पायरीवर अडणार.

मी आयुष्यभर मशीन ड्रॉइंगच्या टेबलावर बसलो, त्यामुळे मोजमापांबद्दल मी जरा खडूस आहे. ते सांभाळून घ्या.

कागदपत्रं

तारीख ठरली की पहिला शोध फोटोंचा. इथे एक गंमत आहे. दक्षिणेची जी जहाजं शत्रूच्या हाती लागली, त्यांचे चांगले फोटो मिळतात. 'अटलांटा' आणि 'टेनेसी' पकडल्यावर उत्तरेने त्यांचे फोटो काढले. 'अल्बेमार्ल' बुडालेलं वर काढून नॉरफोकला नेलं, तिथला फोटो आहे. पण 'व्हर्जिनिया' त्याच्याच माणसांनी 11 मे 1862 ला उडवून दिलं, आणि त्याचा एकही फोटो उपलब्ध नाही. जे दिसतं ती चित्रं आणि शिळाछाप. त्यातल्या निम्म्या चित्रांत जहाजाच्या पुढे-मागे ऐसपैस डेक दाखवलेला असतो. प्रत्यक्षात तोफघराच्या पुढचा आणि मागचा भाग जवळजवळ पाण्यातच बुडालेला होता. चित्रकाराला काहीतरी उभं दाखवायचं असतं, आपल्याला नसतं.

'मॉनिटर'चे फोटो मात्र आहेत. जेम्स गिब्सनने 9 जुलै 1862 ला जेम्स नदीत त्याच्या डेकवर जाऊन काढलेले. तोफांच्या फिरत्या बुरुजाच्या पत्र्यावर गोळ्यांनी पडलेले पोचे त्यात स्पष्ट दिसतात. पण फोटो आहे म्हणून डोळे मिटून नक्कल करू नका. हा जुलै आहे, लढाई मार्चमधली. पुढच्या बाजूची सुकाणूवाल्याची कोठी लढाईत चौकोनी ठोकळ्यासारखी होती. तिच्यावर गोळा बसून कॅप्टन वर्डनच्या डोळ्यांना इजा झाली, त्यानंतर तिला चारी बाजूंनी उतार चढवला. गिब्सनच्या फोटोत उताराची कोठी आहे. मार्चच्या लढाईच्या टेबलावर ती ठेवलीत तर जाणकार माणूस चहाचा कप खाली ठेवून बघायला लागेल.

लिखित पुराव्यात सगळ्यात कामाचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या नौदलांचे अमेरिकन सरकारने 1894 पासून छापलेले अधिकृत अहवालखंड. लढाईनंतर लगेच लिहिलेले रिपोर्ट त्यात आहेत. वीस-तीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींपेक्षा मी त्यांना जास्त वजन देतो. आठवणींत गोळे मोठे होत जातात आणि अंतर कमी होत जातं.

ब्रिटिश जहाजांसाठी ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात मूळ आराखडे आहेत. आराखडाच नसेल तर भावंडं शोधा. 'मॅगडाला' हे मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधलेलं बुटकं दोन बुरुजांचं जहाज 1870 मध्ये पाण्यात उतरलं आणि पुढे भंगारात गेलं. पण त्याच्याच वर्गातलं 'सर्बेरस' मेलबर्नजवळ ब्लॅक रॉकच्या किनाऱ्याला अजून पाण्यात मोडून पडलेलं आहे. एकाचे फोटो दुसऱ्याच्या मॉडेलला कामी येतात, फक्त दोघांत फरक काय होता ते तपासून.

टिकलेली जहाजं बघावीत, पण तीही सावधपणे. पेरूचं 'हुआस्कर' आज चिलीत ताल्काहुआनोला तरंगतंय, पण ते 8 ऑक्टोबर 1879 ला आंगामोसच्या लढाईत पकडलं गेलं आणि नंतर चिलीने त्यात बरेच बदल केले. याउलट उत्तरेचं 'कैरो' अमेरिकेतल्या यझू नदीत 12 डिसेंबर 1862 ला सुरुंगाने बुडालं ते थेट 1964 मध्ये वर काढलं. मधे कुणाचा हातच लागला नाही. काढताना त्याचे तुकडे झाले हे खरं, पण जे विक्सबर्गला मांडून ठेवलंय ते त्या डिसेंबरचंच. नवख्या माणसाला म्हणूनच मी 'कैरो'ची शिफारस करतो: 175 फूट लांब, 51 फूट रुंद, आकडे पक्के.

आकड्यांवरून आठवलं. 'लांबी' असा नुसता आकडा दिसला तर विश्वास ठेवू नका. लांबी कुठून कुठपर्यंत, हे आधी विचारा. ब्रिटिश 'वॉरियर'ची लांबी 380 फूटही लिहिलेली असते आणि 420 फूटही. दोन्ही बरोबर. पहिली पुढच्या-मागच्या लंबांमधली (नाळेला आणि सुकाणूच्या खांबाला टाकलेल्या उभ्या रेषांमधली), दुसरी टोकापासून टोकापर्यंतची. 1:600 ला, म्हणजे खऱ्याच्या सहाशेव्या भागाच्या मॉडेलवर, हा फरक तब्बल 20 मिलिमीटरचा होतो. जहाजांच्या तक्त्यात बहुतेक वेळा पहिली असते, मॉडेलला लागते दुसरी.

फोटोवरून माप काढायचं असेल तर फोटोत एक खात्रीची वस्तू शोधा. 'मॉनिटर'चा बुरूज 9 फूट उंच, हे पक्कं. मग त्याच अंतरावर असलेल्या दुसऱ्या वस्तूची उंची डिव्हायडरने त्याच्याशी ताडून पाहा. 'त्याच अंतरावर' हे महत्त्वाचं. पुढे उभ्या असलेल्या खलाशाच्या उंचीवरून मागची चिमणी मोजू नका.

प्रमाण

1:600 ला एक फूट म्हणजे 0.508 मिलिमीटर. घाईत असाल तर फुटांचे निम्मे करा, मिलिमीटर मिळतात. चूक दोन टक्क्यांच्या आत. मोठ्या ताफ्यांसाठी 1:1200 बरं पडतं. लिसाची लढाई (20 जुलै 1866) खेळायची तर ऑस्ट्रियाचा टेगेटहॉफ आणि इटलीचा पर्सानो या दोघा नौदलप्रमुखांची जहाजं 1:600 ला मांडायला खोलीच कमी पडेल. पण अमेरिकन नद्या-खाड्यांतल्या दोन-चार जहाजांच्या मारामारीला 1:600 सारखं दुसरं प्रमाण नाही. बुरूज बोटात धरता येतो आणि तोफेची खिडकी दिसते.

आधी 'मॉनिटर'

याला एक संध्याकाळ पुरते. डेक पाण्याच्या वर साधारण 18 इंच. 18 भागिले 600 म्हणजे 0.03 इंच, म्हणजे 0.76 मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरची प्लास्टिक शीट बाजारात तयार मिळते, म्हणजे अख्खं जहाज एका पत्र्यात कापून होतं! लांबीचे 172 आणि 179 असे दोन्ही आकडे छापलेले दिसतात. टेबलावर साडेतीन मिलिमीटरचा फरक. मी 172 धरतो, म्हणजे 87.4 मिमी, रुंदी 41 फूट 6 इंच, म्हणजे 21 मिमी. दोन्ही टोकं निमुळती.

बुरुजाचा आतला व्यास 20 फूट, आणि भिंतीत एकेक इंची पत्र्याचे आठ थर. म्हणजे बाहेरून 21 फूट 4 इंच, मॉडेलवर 10.8 मिमी, उंची 4.6. हे आठ थर विसरून बुरूज 10 मिमीचा करणारे पुष्कळ भेटतात, आणि मग जहाज का कोण जाणे किरकोळ दिसतं. 11 मिमीच्या जवळचा कुठलाही प्लास्टिकचा दांडा घ्या, कानशीने बेताचा करा. तोफांच्या नळ्या लावू नका. दोन भोकं शेजारी शेजारी पाडा आणि आत काळा रंग.

बुरूज फिरता ठेवाच. मधोमध पितळी तार, डेकला भोक, संपलं. पुढची कोठी 2 मिमीचा ठोकळा. ती क्षुल्लक वाटते, पण खेळात तिचा मान मोठा आहे: तिच्यामुळे 'मॉनिटर'ला सरळ पुढे तोफ डागता येत नव्हती. मी बुरुजाच्या मागच्या डेकवर एक बारीक ठिपका रंगवतो, बुरूज कुठे वळलाय ते ठरवायला.

मग 'व्हर्जिनिया'

इथे खरी मजा आहे. लांबी 275 फूट, म्हणजे 140 मिमी. रुंदी 51 फूट, म्हणजे 26. तोफघर, ज्याला केसमेट म्हणतात, ते सुमारे 170 फूट लांब, म्हणजे 86 मिमी. भिंतींचा उतार 36 अंश. आणि दोन्ही टोकं गोलाकार. ही गोल टोकंच नवशिक्याचा घाम काढतात.

आधी सरळ भाग. मी तोफघराची उंची पाण्यापासून 5 मिमी धरतो. 36 अंशांत 5 मिमी चढायला आडवं 6.9 मिमी लागतं (5 भागिले 0.7265). म्हणजे 26 रुंदीच्या पायावर माथा 12.2 रुंद. पण तिरकी भिंत 6.9 ची कापायची नाही. तिची खरी रुंदी 8.5. वरून काढलेल्या आराखड्यावर पट्टी ठेवून भिंत कापली तर ती तोकडीच पडणार, कारण आराखडा उतार दाखवत नाही, त्याची सावली दाखवतो.

आता ज्यांच्यावर भिंती चिकटवायच्या त्या आतल्या चौकटी. भिंत अर्धा मिलिमीटर जाडीच्या शीटची. तिरकी बसल्यामुळे ती आडव्या मापात प्रत्येक बाजूला 0.85 खाते. म्हणून चौकटीचा पाया 26 नव्हे, 24.3. माथ्याच्या शीटसाठी उंची 4.5, आणि वरची रुंदी 11.9. एक चौकट नीट कापून तिच्यावरून बाकीच्या कापा, सगळ्या एकत्र चिमट्यात धरून पॉलिश पेपरवर एकदाच घासा. वेगवेगळ्या घासल्या की भिंतीला लाट येते आणि ती रंगानंतरच दिसते. सरळ भाग 60 मिमीचा (86 मधून दोन्हीकडचे 13-13 वजा), तेवढ्यात सहा चौकटी भरपूर झाल्या. भिंत 9 ची कापून चिकटवा, वाळू द्या, मग माथ्याच्या पातळीला घासून आणा.

टोकं म्हणजे माथा कापलेला अर्धा शंकू. डोळ्यांच्या अंदाजाने कागद गुंडाळत बसलात तर रात्र जाईल. कंपास घ्या. पायाची त्रिज्या 13, ती 36 अंशांच्या कोसाइनने, म्हणजे 0.809 ने भागली की 16.1. त्यातून 8.5 वजा केले की 7.6. पातळ शीटवर एकाच केंद्रातून 16.1 आणि 7.6 त्रिज्येचे दोन कंस काढा, कोनमापकाने 146 अंश मोजा, तो पंख्यासारखा तुकडा कापा. वाकवला की तो बरोब्बर बसतो, वरही आणि खालीही. या कामाला अर्ध्या मिमीची शीट अडून बसते. पाव मिमीचे दोन थर घ्या आणि गरम पाण्यातून काढून एखाद्या पेनाच्या नळीवर आधी वळवून ठेवा. मागे पोकळी नको, इपॉक्सी पुट्टी भरा. या टोकाला धरूनच लोक जहाज उचलतात.

तोफांच्या खिडक्या शीट सपाट असतानाच पाडा. बाजूला चार-चार, टोकांना तीन-तीन, एकूण 14. तोफा मात्र दहाच होत्या. पुढची आणि मागची 7 इंची ब्रूक तोफ फिरवून तीनपैकी कुठल्याही खिडकीतून काढता येई. म्हणून टोकाच्या तिन्ही खिडक्या मॉडेलवर हव्यातच, नाहीतर मारा कुठे पोहोचतो यावरून टेबलावर भांडणं.

चिलखताचे पत्रे कोरायचे का? माझं मत, नाही. वरच्या थराचे पत्रे 8 इंच रुंद होते, म्हणजे मॉडेलवर 0.34 मिमी. सुईने कितीही नाजूक रेघ ओढली तरी ती 0.2 ची, म्हणजे खऱ्या जहाजावर जवळजवळ पाच इंचांची चर. ते चिलखत न दिसता पन्हाळीचा पत्रा दिसतो. रंग झाल्यावर टोकदार पेन्सिलीने उभ्या फिकट रेघा मारा, पुरे. माथ्यावरच्या जाळीचंही तेच: काळा रंग आणि वर करड्या पेन्सिलीच्या आडव्या-उभ्या रेघा. पुढच्या बाजूला सुकाणूवाल्याची शंकूच्या आकाराची कोठी. चिमणीला नळी. 9 मार्चचं जहाज असेल तर तिला बारीक ड्रिलने भोकं पाडा. या एका बाबतीत हात सैल सोडायला हरकत नाही.

रंग

शुद्ध काळा वापरू नका. एवढ्या लहान वस्तूवर तो भोक पडल्यासारखा दिसतो. काळ्यात थोडा तपकिरी-करडा मिसळा, कोरड्या ब्रशने कडांवर फिकट करडा फिरवा. 'व्हर्जिनिया'च्या भिंतींना गोळे घसरावेत म्हणून चरबी फासली होती, त्यामुळे तिथे मॅटऐवजी किंचित चकाकणारं वार्निश मला शोभतं. गंज जपून, ही जहाजं नवी कोरी होती.

'कैरो'च्या वर्गातली सात जहाजं केलीत तर मात्र रंग हाच तुमचा तारणहार. सातही इतकी सारखी की त्या काळीही ओळखायला चिमण्यांवर रंगीत पट्टे काढावे लागले: 'कॅरोंडेलेट'ला लाल, 'लुइव्हिल'ला हिरवा, 'सिनसिनाटी'ला निळा, 'सेंट लुइस'ला पिवळा. टेबलावर हात लांब करून नाव वाचण्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं.

तळ आणि कार्ड

मॉडेल पाण्याच्या रेषेपासून वरचंच. तळाची पट्टी जहाजाच्या रुंदीपेक्षा फार बाहेर काढू नका. रॅमची टक्कर जहाजाला लागली की तळाला, हा वाद मी अनेक टेबलांवर ऐकलाय. दोन मिमीची पट्टी, पुढे-मागे थोडी जागा, त्यावर अॅक्रिलिक जेलचं पाणी. 'व्हर्जिनिया'ची बुडालेली टोकं मी पाऊण नव्हे, पाव मिमीच्या शीटने काढतो आणि त्यांच्यावर जेलचा पातळ थर चढवतो, म्हणजे खालून आकार जाणवतो पण डेक म्हणून उभा राहत नाही.

पाण्याखालचं जहाज मॉडेलवर नसतं, म्हणून ते कार्डावर हवं. 'व्हर्जिनिया' पाण्यात 22 फूट खोल बसायचं, 'मॉनिटर' साडेदहा. त्या दोन दिवसांची सगळी गोष्ट या दोन आकड्यांत आहे. उत्तरेचं 'मिनेसोटा' उथळात रुतून बसलेलं समोर दिसत होतं, पण 'व्हर्जिनिया'ला त्याच्या जवळ जाता येत नव्हतं. 'मॉनिटर' मात्र वाटेल तिथे फिरत होतं. टेबलावर उथळ भाग खडूने आखला नाहीत तर 'व्हर्जिनिया' सरळ जाऊन 'मिनेसोटा'ला टक्कर देईल आणि खेळ दुसऱ्याच फेरीत आटपेल. वळायला 'व्हर्जिनिया'ला अर्धा तास लागायचा, तेही लिहा. 'मॉनिटर'ची तोफ सात-आठ मिनिटांनी एकदा उडायची, आणि फिरता बुरूज नेमक्या जागी थांबवणं इतकं अवघड की फिरता फिरताच बार काढत. त्यासाठी मी नेमबाजीच्या फाशातून एक वजा करतो. तुमचे नियम वेगळे असतील तर तुम्ही तुमचं बघा.

तळाखाली एक लोखंडी वॉशर चिकटवा. वजन मिळतं आणि डब्याच्या बुडाला चुंबकाची शीट लावली की जहाजं आपटत नाहीत. चिमणी चिकटवू नका, तारेवर बसती ठेवा. डब्याचं झाकण लावताना पहिली मोडते ती तीच, आणि 8 मार्चची साबूत चिमणी काढून 9 मार्चची भोकांची बसवायची सोयही राहते.